गोड्या विहिरीचं पाणी आम्ही तपासलं, त्याचा अनुभव

२०२४ च्या जूनपासून २०२५ च्या मार्चपर्यंत आम्ही सहा जणांनी मिळून आमच्या गावातलं प्यायचं पाणी तपासलं. दोन सार्वजनिक विहिरी, चार हापसे, तीन खासगी बोर, नळाची टाकी अन शाळेतली टाकी, अशा अकरा जागा. आमच्यातलं कुणी केमिस्ट्री शिकलेलं नाही. मी घरी शिलाईकाम करते अन बचत गटाचा हिशोब लिहिते, सायन्स म्हणाल तर दहावीपर्यंतचं. सुरुवातीला विचारायला कुणीच सापडत नव्हतं, म्हणून जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवतेय, दुसऱ्या गावात कुणाला करायचं असलं तर आमच्या चुका तरी त्यांना परत करायला नको.

गाव परभणी जिल्ह्यातलं आहे. नाव टाकत नाही, का ते पुढं येईलच.

मराठवाड्यात आपण पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारत मोठे झालोत, पाणी आलं का. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हाची आठवण सगळ्यांना आहे. ज्याच्याकडं पाणी आहे तो नशीबवान, मग ते पाणी कसं आहे हे विचारणं म्हणजे नसते चोचले. आमच्या गावात तर महादेवाच्या देवळामागं गोडी विहीर आहे. नावच गोडी विहीर. दुष्काळातही तळ दिसला नाही असं जुने लोक सांगतात, चहा त्याच पाण्याचा, पुरणाची डाळ त्याच पाण्यात शिजते, घरी नळ आलेल्या बायाही प्यायची एक घागर तिथूनच आणतात. शाळेजवळचा हापसा मात्र मचूळ, त्याला गुरं पण नाक मुरडतात असं म्हणतात.

जूनमध्ये मिरगाचा पाऊस पडला अन आठवड्याभरात आमच्या गल्लीत चार लेकरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एकाला तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. ते पाण्यानंच झालं असं मी आजही म्हणत नाही, कारण तेव्हा कुणी काही तपासलंच नव्हतं, त्यामुळं सांगता येत नाही. पण आशाताईंशी बोलता बोलता मला आठवलं की २०२२ मध्ये आम्हा पाच बायांना पाणी तपासायचं ट्रेनिंग मिळालं होतं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना किट वापरायला शिकवायचं असतं. आम्ही गेलोत, एक दिवस बसलोत, जेवलोत, फोटो काढला अन घरी आलोत. किट कुठं गेलं ते पाचातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

२४ जूनला ते ग्रामपंचायतीच्या कपाटात सापडलं. वरती जुने दाखले अन झेंड्याची काठी, खाली ही निळी पेटी, सील तसंच. उघडली तर आत छोट्या-छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या, रंगांचे तक्ते, सगळं नवंकोरं, पण बाटल्यांवरची तारीख उलटून वर्ष झालेलं. दोन बाटल्यांतलं औषध वाळून तळाला चिकटलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण ती पेटी आमच्या नावानं आली होती अन दोन वर्षं मी एकदाही विचारलं नव्हतं.

तारीख उलटलेलं औषध वापरू नका. रंग फिका येतो अन पाणी आहे त्याहून चांगलं दिसतं, म्हणजे न तपासल्यापेक्षा वाईट. २८ जूनला मी नवीन औषधांसाठी लेखी अर्ज दिला, दोन प्रतीत, एका प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, पोच दाखवली की पुढचं बोलणं होतं, हे बचत गटात शिकलेलं इथं कामी आलं. तरी पाच आठवडे गेले. त्यात मी चार वेळा चक्कर मारली.

ते पाच आठवडे वाया गेले नाहीत. आक्का म्हणून आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या बाई आहेत, गावातला प्रत्येक आड, प्रत्येक बोर कुणी कधी पाडला ते त्यांना तोंडपाठ. त्यांच्यासोबत मी अन अकरावी सायन्सच्या दोन पोरी गावभर फिरलोत. वहीत प्रत्येक जागेला नंबर दिला, आजूबाजूला काय आहे ते लिहिलं. उकिरडा किती पावलांवर, संडासचा शोषखड्डा कुठं, कठडा फुटलाय का, हापश्याच्या ओट्याला चिरा आहेत का. माझं मत विचाराल तर अर्धी तपासणी इथंच होते. गोड्या विहिरीपासून अठरा पावलांवर एका घराचा मोठा उकिरडा, त्याला लागून संडासचा खड्डा, अन त्या बाजूचा कठडा दीड हात फुटलेला. आम्ही तिघी-चौघी रोज तिथूनच जायचोत, मोजला तो पहिल्यांदाच.

५ ऑगस्टला औषधं आली. १० ऑगस्टला, शनिवारी, पहिली फेरी.

सॅम्पल घ्यायचं कसं ते नीट लिहिते, कारण इथंच जास्त गडबड होते. हापसा असला तर आधी चाळीस-पन्नास वेळा हापसून पाणी वाहू द्यायचं, पाइपात साचलेलं जाऊ द्यायचं. नळ असला तर दोन-तीन मिनिटं सोडून ठेवायचा. केमिकल टेस्टची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. जंतूंच्या टेस्टची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, आतून बोट लावायचं नाही, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही. बाटलीवर जागा, तारीख, वेळ अन घेणाऱ्याचं नाव तिथंच लिहायचं, घरी जाऊन लिहू म्हणलं की दोन बाटल्यांची अदलाबदल झालीच समजा.

पहिले तीन रिझल्ट आम्ही फेकून दिले. ऊन होतं म्हणून शाळेच्या हिरव्या शेडनेटखाली बसलो होतोत, अन रंगाच्या तक्त्याशी नळी जुळवताना एक पोरगी म्हणायची हा रंग, दुसरी म्हणायची तो. मग कळलं की हिरव्या सावलीत गुलाबी रंग मळकट दिसतोय. उघड्यावर सावलीत आलोत, नळीच्या मागं पांढरा कागद धरला, भांडण मिटलं. अजून एक पद्धत पाडली, दोघींनी वेगवेगळं बघायचं अन न बोलता कागदावर लिहायचं, मग कागद उघडायचे. जुळलं तर वहीत, नाही तर परत टेस्ट.

काही टेस्ट थेंब मोजायच्या असतात. कडकपणाची म्हणजे जडपणाची टेस्ट तशी, लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब टाकत राहायचं अन मोजत राहायचं. शाळेजवळच्या मचूळ हापश्याला थेंब टाकून टाकून हात दुखला, २६ थेंब. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे कडकपणा ५२०. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात २०० पर्यंत चांगलं अन दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. प्रत्येक किटमध्ये थेंबाचा हिशोब वेगळा असतो, पेटीतला कागद वाचल्याशिवाय गुणाकार करू नका. फ्लोराइड आमच्याकडं सगळीकडं हद्दीत निघालं. नांदेडकडच्या किनवट भागात त्यानं लोकांचे दात अन हाडं खराब झालीत हे ऐकून होते, त्यामुळं तेवढा जीव भांड्यात पडला.

मग गोड्या विहिरीचं नायट्रेट.

नळीत पाणी घेतलं, पावडर टाकली, झाकण लावून हलवलं. पाच मिनिटं थांबायचं होतं. दुसऱ्या मिनिटाला तळाशी बसलेल्या पावडरीभोवती गुलाबी धूर सुटल्यासारखं झालं, मग तो वर चढत गेला अन पाच मिनिटं व्हायच्या आत सगळी नळी लग्नात खेळलेल्या गुलालाच्या पाण्यासारखी. आक्कांनी विचारलं, "गुलाबी म्हंजी चांगलं का वाईट?" मला एकदम उत्तर देववलं नाही. तक्त्यावर ४५ च्या खणापेक्षा गडद अन १०० पेक्षा फिका. हद्द ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरची आहे अन नायट्रेटला त्याच्यावर सूट नाही, दुसरी सोय नसली तरी नाही. आम्ही तीनदा केली. तीनदा तोच रंग. मचूळ हापश्याची नळी मात्र पाण्यात एक थेंब रूहअफजा पडल्यासारखी, जेमतेम गुलाबी.

नायट्रेटला वास नाही, रंग नाही, चव नाही. ते येतं शेण-मूत, उकिरडा, संडासचे खड्डे अन शेतात टाकलेल्या युरियातून, पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत. आपण पाणी जिभेनं पारखतो अन जिभेला ते कळतच नाही.

त्या संध्याकाळी माझं शिवणकामात लक्ष लागेना. मागच्या गल्लीत एक लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ अडीच महिन्याचं, आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरचं दूध चालू. ती पावडर गोड्या विहिरीच्या पाण्यात कालवत होते, चांगलं उकळून. त्यांच्या मनानं ते सगळ्यात चांगलं पाणी देत होते. अन उकळल्यानं जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. सहा महिन्याच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेट गेलं तर रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही, अंग निळसर पडतं, म्हणून तर ही हद्द एवढी कडक ठेवलीय.

आमचं ठरलं होतं की लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बाहेर काही बोलायचं नाही. मी तासभर बसून विचार केला अन आठ वाजता त्यांच्या घरी गेले. सांगितलं की किटमध्ये जास्त दिसतंय, पक्कं नाही, पण पक्कं होईपर्यंत बाळाच्या दुधाला नळाचं पाणी उकळून वापरा, त्याचं नायट्रेट आम्ही बघितलंय, कमी आहे. बाळाच्या आजीचा चेहरा पडला. "मी तर मुद्दाम लांबून आणत होते गं," म्हणल्या. बाळ चांगलं होतं, हसत होतं, तरी दुसऱ्या दिवशी आशाताईंनी जाऊन बघितलं. लॅबच्या आधी सांगितलं याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ आहे तिथं थांबू नये असं माझं मत आहे.

जंतूंची टेस्ट वेगळी असते. छोटी बाटली असते, आत औषध लावलेली पट्टी, खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत ठेवून द्यायची, २४ ते ४८ तास. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची शक्यता. हिला एच-टू-एस बाटली म्हणतात, आपल्याच देशात १९८२ मध्ये निघालेली टेस्ट आहे. अकरा बाटल्या मी घरच्या फडताळात ओळीनं ठेवल्या अन सकाळी दार उघडलं तर गोड्या विहिरीची काजळासारखी काळी. अजून तीन काळ्या, त्यात शाळेची टाकी. मचूळ हापश्याची दोन दिवस झाले तरी पिवळसर ती पिवळसरच. काळी झालेली बाटली उघडी मोरीत ओतू नका, सडक्या अंड्याचा वास येतो अन आत जंतू वाढलेले असतात. आधी टीसीएलचं, म्हणजे विहिरीत टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरचं, पाणी ओतून तासभर ठेवायची, मग टाकायची, हात साबणानं धुवायचे, लेकरांपासून लांब.

अन त्याच सकाळी, ११ ऑगस्टला, घोळ झाला. माझ्या घरी बाटल्या बघायला आलेल्या पोरींपैकी एकीनं काळ्या बाटलीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, गोड्या विहिरीचं पाणी विषारी. चूक माझी होती, मी तिला टाकू नको असं सांगितलंच नव्हतं, तिला वाटलं लोकांना लवकर कळावं. दुपारपर्यंत गावात दोन तट. कुणी म्हणालं जारवाल्याकडून पैसे घेतले असतील. कुणी त्या उकिरडावाल्या घराचं नाव घेऊन नको ते लिहिलं. त्या घरची सून, तिला मी वहिनी म्हणते, आमची चांगली उठबस होती, ती विहिरीवर माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. त्या पोरीला घरी बोलणी बसली, ती दोन दिवस रडत होती. म्हणून गावाचं नाव लिहित नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे, ज्याच्या घराचा किंवा शेताचा संबंध येतो त्याला आधी, समोरासमोर, दुसरं कुणी नसताना. मग ग्रामपंचायत. ग्रुपवर शेवटी, अन तिथंही फोटो नाही, फक्त काय वापरा काय वापरू नका एवढं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आवाज चढले. सरपंच म्हणाले किटचं मी मानत नाही, लॅबचा कागद आणा. मला त्या वेळी राग आला होता, आता वाटतं त्यांचं बरोबर होतं. किट फक्त बोट दाखवतं, कधी कधी चुकतंही, कागद लॅबचाच लागतो. त्यांनी लॅबसाठी पत्र मात्र लगेच दिलं, त्यामुळं फी भरावी लागली नाही.

लॅबची पहिली चक्कर २८ ऑगस्टला, नुसत्या निर्जंतुक बाटल्या आणायला. जंतूंच्या टेस्टला घरची उकळलेली बाटली चालत नाही, तिथूनच घ्यावी लागते. पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारायचं औषध आधीच बाटलीत घातलेलं असतं, म्हणूनच ती विसळायची नसते. मग पोळ्याच्या वेळचा पाऊस, १ अन २ सप्टेंबरचा, आपल्याकडं कुणी विसरणार नाही असा. रस्ते बंद. त्या पावसात मी इरलं घेऊन गोड्या विहिरीवर गेले होते. उकिरड्यातून चहासारखं तपकिरी पाणी निघत होतं अन फुटलेल्या कठड्यातून सरळ विहिरीत पडत होतं, धार लागली होती. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला अन कुणालाच पाठवला नाही.

६ सप्टेंबरला सॅम्पल घेऊन गेलोत, मी अन अकरावीतली दुसरी पोरगी. मेडिकलमधून मागून आणलेला थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, पहाटे साडेपाचला सॅम्पल, सातची बस. लॅबवाल्यांनी केमिकलचं सॅम्पल घेतलं, जंतूंचं परत केलं. शुक्रवार होता. जंतूंच्या टेस्टला एक-दोन दिवस वाढू द्यावं लागतं अन मग रिझल्ट बघावा लागतो, पुढं शनिवार-रविवार, त्यात गणपती. त्यांचं म्हणणं रास्त होतं, मीच आधी फोन करून वार विचारायला पाहिजे होता. सोमवार ते बुधवार हे वार चांगले, अन सॅम्पल घेतल्यापासून २४ तासाच्या आत, जमेल तेवढं लवकर, बर्फात, पोचलं पाहिजे.

मग महालक्ष्म्या आल्या. घरोघरी नैवेद्याला गोड्या विहिरीचं पाणी, माझ्या घरीही सासूबाईंनी आणलं. मी काही बोलले नाही. स्वयंपाक शिजतो अन जंतू मरतात, मोठ्या माणसाला दोन दिवसाच्या नायट्रेटनं काही होत नाही, पण तो हंडा बघून घास गोड लागला नाही हे खरं. १७ ला मुक्तिसंग्राम दिन अन अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, सुट्टी. शेवटी १९ सप्टेंबरला, गुरुवार असला तरी आधी विचारून, परत गेलोत अन जंतूंचं सॅम्पल घेतलं गेलं.

खर्च सांगते. बायांना अर्धं तिकीट असल्यानं जाऊन-येऊन एकीचे ७० रुपये, तीन चकरांचे मिळून ३५०. बर्फ ८०, दोन कॅन ६०, वही-पेन-चिकटपट्टी ५०, झेरॉक्स २०. एकूण ५६० रुपये, सहा जणांत वाटून घेतले. तीन दिवसांचं शिवणकाम बुडलं ते वेगळं.

३० सप्टेंबरला रिपोर्ट आला. गोडी विहीर, नायट्रेट ६८, विष्ठेतले जंतू आहेत. मचूळ हापसा, नायट्रेट १९, कडकपणा ५१०, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, हजाराच्या वर, जंतू नाहीत. किटचे २६ थेंब अन लॅबचे ५१०, हे बघून त्या दोघी पोरी एवढ्या खूश झाल्या की बसस्टँडवर त्यांनी मला भजी खाऊ घातली.

तो कागद घेऊन मी आधी वहिनीच्या घरी गेले. दीड महिना आमचं बोलणं नव्हतं. तिच्या सासऱ्यांसमोर कागद ठेवला, मोठ्यानं वाचला. तुमच्या उकिरड्यामुळंच झालं असं यात कुठं लिहिलेलं नाही हे आधी सांगितलं, कारण ते खरंच लिहिलेलं नव्हतं, वरच्या शेतातला युरिया असेल, संडासचे खड्डे असतील, सगळ्यांचाच वाटा असेल. मग पोळ्याच्या पावसाचा व्हिडिओ दाखवला. म्हातारबुवा बराच वेळ बघत राहिले, परत लाव म्हणाले, परत बघितला. "हे कुणाला दाखवलं?" मी म्हणलं, तुम्हालाच. ते काही बोलले नाहीत. वहिनीनं चहा टाकला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रिपोर्ट वाचला, या वेळी आरडाओरडा झाला नाही. कठडा बांधायचा ठराव झाला. पण १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली अन काम थांबलं ते निकाल लागेपर्यंत. बिनपैशाचं जे होतं ते मात्र झालं. दिवाळीनंतर म्हातारबुवांनी दोन ट्रॅक्टर शेणखत शेतात नेऊन टाकलं अन उकिरडा गावाच्या खालच्या अंगाला हलवला.

दुसरं टीसीएल. आधी शिपाईदादा विहिरीत ओंजळभर पावडर भिरकावायचे. आम्ही विहीर मोजली, रुंदी ५ मीटर, पाणी ४ मीटर खोल. ३.१४ गुणिले रुंदी गुणिले रुंदी गुणिले खोली, भागिले ४, गुणिले १०००, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर. चांगल्या टीसीएलचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास २०० ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, तासभरानं ओटी टेस्ट करायची, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पोतं उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून ती आता झाकणाच्या डब्यात असते. शिपाईदादांना हे कुणी शिकवलंच नव्हतं, आता तेच आम्हाला सकाळी फोन करून सांगतात, आज पिवळं आलं.

कठडा जानेवारीत झाला. १८ जानेवारीला परत एच-टू-एस बाटली लावली, ४८ तास मी दर थोड्या वेळानं फडताळ उघडून बघत होते, काळी पडली नाही. नायट्रेट मात्र तसंच. मार्चमध्ये, ९ तारखेला, परत बघितलं, रंग त्याच दोन खणांच्या मध्ये. टीसीएलनं नायट्रेट जात नाही अन जमिनीत मुरलेलं एका वर्षात निघत नाही, त्याला वेळ लागणार आहे. म्हणून विहिरीवर बोर्ड लावलाय, धुण्या-भांड्याला वापरा, पिऊ नका, लहान बाळाला तर मुळीच नको. प्यायला नळाचं पाणी, क्लोरीन बघून. काही जुने लोक अजूनही गोड्या विहिरीचाच चहा पितात. आक्का त्यातल्याच, तपासायला माझ्यासोबत येतात अन जाताना तांब्या भरून नेतात. मी सांगून बघितलं. "माझं काय राहिलंय आता," म्हणतात, पण नातवाला तांब्याला हात लावू देत नाहीत.

किटचे रिझल्ट पोर्टलवर भरायचे असतात, ते माझं अजून अर्धंच झालंय, कारण ट्रेनिंगला दिलेला मोबाईल नंबर बंद पडला अन ओटीपी त्याच्यावरच जातो. नंबर बदलायचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

गेल्या आठवड्यात वहिनी दारात आली. त्यांनी शेतात नवीन बोर पाडलाय, थंड्याच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन आलेली, बाटलीच्या तळाला अजून गोड चिकट लागलेलं. मी म्हणलं हे चालणार नाही, बाटली कशी विसळायची, आधी किती वेळ मोटार चालू ठेवायची ते सांगून परत पाठवलं. मला वाटलं आता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आली, बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख अन वेळ लिहिलेली. पावडर तिनंच टाकली, पाच मिनिटं दोघी ओट्यावर बसलोत. मग मी तक्ता तिच्या हातात दिला. तिनं नळीच्या मागं पांढरा कागद धरला, एक डोळा बारीक करून बघितलं अन म्हणाली, "दुसऱ्या खणातला." मी माझा कागद उघडून दाखवला, मीही तेच लिहिलं होतं.